पंचगंगेत प्लास्टिकमधून काय उतरतं?

उन्हाळा तापला की एखाद्या सकाळी कोल्हापूरच्या पंचगंगा नदीवरच्या तेरवाड बंधाऱ्याचे फोटो मोबाइलवर फिरायला लागतात. पाण्यावर मेलेल्या माशांचा खच, काठावर नाकाला रुमाल लावून उभी असलेली माणसं आणि बाजूला केंदाळात (जलपर्णीत) अडकलेल्या बाटल्या, पिशव्या, थर्माकोल. दोन्ही गोष्टी एकाच फोटोत असल्यामुळे खाली कुणीतरी लिहितंच, 'बघा, प्लास्टिकनं नदी मारली.'

ते तितकंसं खरं नाही. मासे असे एका रात्रीत मरतात तेव्हा ते बहुतेक वेळा गुदमरलेले असतात. बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात, पाणी थांबलेलं असतं, वरून शहराचा मैला आणि कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी येत असतं. ही घाण कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. पहाटेपर्यंत माशांसाठी काही उरत नाही. ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, आणि त्यातच त्यांचा शेवट होतो. यात प्लास्टिकचा हात फारसा नाही.

प्लास्टिकमधल्या रसायनांचं काम वेगळ्या पद्धतीनं चालतं. ती सहसा मासे मारत नाहीत. मासे जगतात, पोहतात, जाळ्यातही सापडतात. फक्त त्यांची पिल्लं कमी होत जातात. त्याचा फोटो निघत नाही आणि आंदोलनही होत नाही. म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर बोलू या.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. प्लास्टिक म्हणजे एकच पदार्थ नव्हे. शेतात पुरलेला कडक पीव्हीसी पाइप आणि चौकात लागलेला वाढदिवसाचा फ्लेक्स, दोन्ही मुळात पीव्हीसीच. पाइप वाकवला तर मोडतो आणि फ्लेक्स गुंडाळून काखेत मारता येतो, कारण फ्लेक्समध्ये तेलासारखं एक रसायन मिसळलेलं असतं. त्याला प्लास्टिसायझर म्हणतात, आणि त्यातलं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं घराणं म्हणजे थॅलेट. मऊ पीव्हीसीत हे चिमूटभर नसतं, वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतही ते असू शकतं. महत्त्वाची गोष्ट अशी की ते प्लास्टिकच्या रेणूंना रासायनिक बंधानं जोडलेलं नसतं, नुसतं मध्ये मुरलेलं असतं. त्यामुळे ऊन, उष्णता, पाणी यांनी ते हळूहळू बाहेर पडत राहतं.

आपल्याकडे फ्लेक्सचं दुसरं आयुष्य पहिल्यापेक्षा मोठं असतं. वाढदिवस झाला, नेत्याचं हसू उतरलं, की तोच फ्लेक्स ऊसतोड मजुरांच्या पालावर चढतो, गोठ्याच्या छपरावर जातो, कडब्याच्या गंजीवर पडतो. (फेकून देण्यापेक्षा हे कधीही बरं, त्यात वाद नाही.) दोन उन्हाळ्यांनंतर तो हातात घेऊन बघा. कडक झालेला असतो, घडीवर तडकतो, पीव्हीसीचे पापुद्रे सुटून आतली धाग्यांची जाळी दिसायला लागते. तो कडक झाला, कारण त्याला मऊ ठेवणारं रसायन बरंच निघून गेलं. काही हवेत गेलं, काही पावसाच्या पाण्याबरोबर गोठ्याच्या चरीत, तिथून ओढ्यात.

असे मिसळलेले पदार्थ किती प्रकारचे? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२३ च्या अहवालानुसार प्लास्टिक आणि त्याच्या निर्मितीशी संबंधित १३,००० हून अधिक रसायनं आहेत, आणि त्यातली ३,२०० हून अधिक गुणधर्मांमुळे चिंता करण्याजोगी आहेत. मऊपणासाठी थॅलेट, कडक पारदर्शक प्लास्टिक आणि डब्यांच्या आतल्या लेपासाठी बिस्फेनॉल-ए, पेट घेऊ नये म्हणून ब्रोमीनची संयुगं, उन्हानं पिवळं पडू नये म्हणून आणखी काही. बाटलीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

प्लास्टिकमधून असं काही गळतं आणि ते शरीरातल्या हार्मोनची नक्कल करतं, हे कळलं तेही अपघातानं. अमेरिकेत बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे शास्त्रज्ञ स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. या पेशी इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन मिळालं तरच भराभर वाढतात. एकदा त्या इस्ट्रोजेन न घालताच वाढायला लागल्या. सगळं तपासून झालं आणि शेवटी संशय गेला तो द्रव साठवायच्या प्लास्टिकच्या नळ्यांवर. त्या नळ्यांच्या घडणीत बदल झाला होता आणि त्यातून एक रसायन द्रवात उतरत होतं. ते होतं नोनिलफेनॉल. हा शोध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे नाव लक्षात ठेवा, कारण आपल्या नदीत ते दोन वाटांनी येऊ शकतं. एक वाट प्लास्टिकची. दुसरी कापडाची. कापड रंगवण्याआधी त्याची खळ काढावी लागते, तेल-मेण धुवावं लागतं. या धुलाईत वापरल्या जाणाऱ्या साबणद्रव्यांचा एक स्वस्त आणि जगभर वापरला गेलेला प्रकार म्हणजे नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट. म्हणजे नोनिलफेनॉललाच एक लांब शेपूट जोडलेलं. आणि पंचगंगेच्या काठावर यंत्रमागांचं, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगचं, कापड धुऊन रंगवणाऱ्या प्रोसेसचं इचलकरंजी आहे.

इथे गंमत नाही, पण रसायनशास्त्राचा एक वाकडेपणा आहे. हे साबणद्रव्य सांडपाणी केंद्रात आलं की जिवाणू त्याचं लांब शेपूट तोडतात. कागदावर हे शुद्धीकरणच. पण शेपूट तुटल्यावर मागे राहतं ते नोनिलफेनॉल, जे मूळ साबणापेक्षा माशांना जास्त विषारी आहे, पाण्यात कमी विरघळतं आणि गाळाला चिकटून बसतं. शुद्धीकरणाच्या वाटेवरच घातकपणा वाढावा, अशी उदाहरणं थोडीच असतील.

आता माशाच्या पोटात काय होतं ते बघू. मादीच्या अंडाशयात इस्ट्रोजेन तयार होतं, ते रक्तातून यकृताकडे जातं आणि यकृत अंड्यातला बलक बनवायचं प्रथिन तयार करू लागतं. या प्रथिनाला व्हायटेलोजेनिन म्हणतात. ते बनवण्याची व्यवस्था नराच्या यकृतातही असते, पण इस्ट्रोजेनचा हुकूम पुरेसा येत नसल्यामुळे ती आयुष्यभर बंद राहते. पाण्यातून इस्ट्रोजेनची नक्कल करणारा पदार्थ आला की नराचं यकृत फसतं आणि बलक बनवायला लागतं. अंडी नसलेल्या शरीरात या प्रथिनाला जायला जागा नसते. ते रक्तात साठतं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि वृषणांची वाढ खुंटते. नराच्या रक्तात हे प्रथिन सापडलं की शास्त्रज्ञ समजतात, पाण्यात काहीतरी आहे.

इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात असंच झालं. यॉर्कशरमधली एअर नदी लोकर धुण्याच्या गिरण्यांच्या भागातून वाहते. त्या धुलाईतही नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट वापरत. सांडपाणी मिसळतं त्या जागेखाली पिंजऱ्यांत नर ट्राउट मासे ठेवून पाहिले, तर त्यांच्या रक्तात बलकाचं प्रथिन भरपूर आणि वृषणं लहान राहिलेली. पुढे गिरण्यांनी साबणद्रव्य बदललं, नदीतलं नोनिलफेनॉल उतरलं आणि माशांमधला हा परिणामही कमी झाला. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत उपयोगाची गोष्ट वाटते. कापडाच्या धंद्यावर जगणाऱ्या एका भागानं धंदा न मोडता हे करून दाखवलं आहे.

'एवढ्याशा रसायनानं काय होतंय?' हा प्रश्न इथे येतोच, आणि तो रास्तही आहे. हार्मोनच्या बाबतीत 'एवढंसं' म्हणजे किती, हे कॅनडातल्या एका प्रयोगानं दाखवलं. ओंटारियोतल्या संशोधनासाठी राखून ठेवलेल्या एका छोट्या तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन मिसळलं. प्रमाण होतं लिटरला साधारण ५ नॅनोग्रॅम. दहा हजार लिटरचे एक लाख टँकर भरले आणि त्या सगळ्यांत मिळून या रसायनाची एक छोटा चमचाभर पूड विरघळवली, तर जेवढं होईल तेवढं. त्या तळ्यातल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशाची पैदास काही वर्षांत कोसळली आणि तो तळ्यातून जवळजवळ नाहीसा झाला. गोळीतलं इस्ट्रोजेन नोनिलफेनॉलपेक्षा किंवा बिस्फेनॉलपेक्षा हजारो पटींनी जोरकस असतं, हेही सांगायला हवं. पण ही कमजोर रसायनं नदीत नॅनोग्रॅमनं नव्हे, मायक्रोग्रॅमनं म्हणजे हजारपट मोठ्या मापानं सापडू शकतात, आणि एकटी नसतात. अशी अनेक एकाच वेळी त्याच यकृताला तोच हुकूम देत असतात.

थॅलेटचं वागणं थोडं निराळं. डीईएचपी हा त्यातला प्रसिद्ध प्रकार पाण्यात फार विरघळत नाही, चिखलाच्या कणांना धरून तळाशी बसतो. म्हणजे पाण्याचा नमुना चांगला निघाला तरी नाल्याच्या तोंडाचा काळा गाळ वेगळं सांगू शकतो, आणि तळाशी चरणाऱ्या माशांचा, खेकड्यांचा, शिंपल्यांचा संबंध त्या गाळाशीच येतो. झेब्रा मासा, जो मूळचा आपल्याच उपखंडातला आहे आणि आता जगभरच्या प्रयोगशाळांत असतो, त्याच्या माद्या अगदी कमी प्रमाणातल्या डीईएचपीत ठेवल्या तेव्हा त्यांची अंडी घटली. एक दिलासा असा की मासे थॅलेट बऱ्यापैकी पचवून बाहेर टाकतात. पाऱ्यासारखं ते छोट्या माशातून मोठ्या माशात, तिथून माणसात असं साठत जात नाही. ब्रोमीनवाली काही संयुगं मात्र साठतात. तेव्हा 'पंचगंगेचा मासा खाल्ला की थॅलेटनं भरलो' हे घाबरवणं चुकीचं, आणि 'काहीच होत नाही' हेही चुकीचं.

बिस्फेनॉल-ए तर नदीच्या पाण्यात काही दिवसांत विघटित होतं. मग काळजी कशाची? काळजी याची की ते रोज नव्यानं येतं. शहराचं सांडपाणी नदीत आणणारा जयंती नाला एक दिवसही सुट्टी घेत नाही. माशाच्या दृष्टीनं रोज नवीन येणारं आणि कधीच न संपणारं यात फरक नसतो.

बारीक तुकड्यांबद्दल हल्ली बरंच छापून येतं, म्हणून थोडक्यात. समुद्रात तरंगणारे प्लास्टिकचे दाणे आजूबाजूच्या पाण्यातलं डीडीटीसारखं विष स्वतःकडे ओढून घेतात, पाण्याच्या दहा लाख पटींपर्यंत, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००१ मध्येच दाखवलं होतं. त्यावरून 'मासा प्लास्टिक गिळतो आणि विषबाधा होते' असं सरळ समीकरण मांडलं जातं. पुढच्या हिशोबांत मात्र दिसलं की माशाला ही जुनी विषं बहुतांशी त्याच्या नेहमीच्या खाण्यातून आणि पाण्यातूनच मिळतात, प्लास्टिकची भर त्या मानानं लहान. माझा कल या दुसऱ्या बाजूला आहे. तुकड्यांचा खरा त्रास असा की तुकडा जितका बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि आतली रसायनं गळायला तितकी मोकळी. २०१९ आणि २०२१ चा महापूर ओसरल्यावर काठच्या बाभळींवर आणि उसात लटकलेल्या चिंध्या आठवा. त्यातल्या ज्या कुणी गोळा केल्या नाहीत, त्या उन्हात ठिसूळ होऊन याच कामाला लागल्या.

आणखी एक स्रोत आहे, ज्याला आपण प्लास्टिक म्हणतच नाही: टायर. टायर म्हणजे रबर, बरंचसं कृत्रिम. ते तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचं ६पीपीडी-क्विनोन बनतं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात शहरांजवळच्या ओढ्यांत अंडी घालायला येणारे कोहो सामन मासे पावसानंतर काही तासांत मरत. हे कोडं वर्षानुवर्षं सुटत नव्हतं. २०२० च्या डिसेंबरात उत्तर मिळालं, रस्त्यावर झिजलेल्या टायरची पूड. लिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी प्रमाण कोहोला पुरेसं ठरतं. त्याच कुळातला चम सामन मात्र त्यानं मरत नाही, त्यामुळे आपल्या रोहू-मरळीबद्दल यावरून काही ठोकून देऊ नये. पण पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पंचगंगा ओलांडतो, आणि त्या पुलावरून रात्रंदिवस काय जातं ते सांगायला नको.

इथे एका वेळेकडे लक्ष द्यावंसं वाटतं. आपल्याकडे वळवाचा पाऊस आणि मृगाचे पहिले लोंढे म्हणजे चढणीच्या माशांचे दिवस. मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्या-ओहोळांत शिरतात आणि अंडी घालतात. नेमक्या त्याच लोंढ्यात सात-आठ महिन्यांची रस्त्यावरची पूड, नाल्यातला गाळ आणि काठावर साठलेला कचरा धुऊन येतो. भर पावसाळ्यात पाणी इतकं वाढतं की सगळं पातळ होतं. पहिले दोन-चार दिवस तसं नसतं, आणि अंडी व नुकतंच फुटलेलं पिल्लू हा माशाच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ.

मग आपण हे मोजतो का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले ५३ महाराष्ट्रात, आणि पंचगंगा त्यात होती. ही यादी ठरते बीओडीवरून, म्हणजे कुजणारी घाण किती, यावरून. वन्यजीव आणि मत्स्यपालनासाठी पाणी योग्य आहे की नाही हे ठरवणाऱ्या 'ड' वर्गाचे निकष तीन: सामू (पीएच), लिटरला किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी. हे निकष निरुपयोगी नाहीत. तेरवाडच्या गुदमरलेल्या माशांचं कारण त्यांतूनच कळतं. पण उद्या पंचगंगेचा प्राणवायू उत्तम झाला आणि नोनिलफेनॉल तसंच राहिलं, तर नदी कागदावर पास होईल. युरोपात नदीच्या पाण्यात नोनिलफेनॉलची वार्षिक सरासरी लिटरला ०.३ मायक्रोग्रॅमच्या आत आणि डीईएचपीची १.३ च्या आत असावी, अशी मर्यादा आहे.

शहराचं सांडपाणी केंद्रही ही रसायनं काढण्यासाठी बांधलेलं नसतं. कोल्हापुरातलं कसबा बावड्याचं केंद्र दिवसाला ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं आहे. अशी केंद्रं मैला कुजवून घाण कमी करतात, आणि प्लास्टिकचे बारीक कण बहुतांशी गाळात बसवतात. तेवढं कामही मोठंच. पण तो गाळ खत म्हणून शेतात गेला तर कण आणि त्याला चिकटलेली रसायनं उसाच्या सरीत येतात आणि पावसात पुन्हा नदीची वाट धरतात.

आता आपण करायचं काय? कापडी पिशवीला मी नाही म्हणणार नाही. पण पिशवीचा १२० मायक्रॉनचा नियम जाडीचा आहे, रसायनाचा नाही. जाड पिशवी जास्त वेळा वापरली जाते आणि गोळा करायला सोपी असते, एवढाच त्याचा उपयोग. काठावर कचरा पेटवणं हा तर सर्वांत वाईट मार्ग, कारण पीव्हीसी उघड्यावर जळालं की डायॉक्सिन नावाची अतिविषारी रसायनं तयार होतात आणि राख पहिल्या पावसात नदीतच जाते. फ्लेक्सऐवजी छापील कापडी फलक लावले तर पीव्हीसीचा एक मोठा प्रवाह मुळातच आटेल. दादांचा वाढदिवस कापडावरही साजरा होतो.

त्याहून मोठं काम इचलकरंजीच्या बाजूला आहे, आणि ते अशक्य नाही. नोनिलफेनॉल इथॉक्सिलेटच्या जागी अल्कोहोल इथॉक्सिलेट वापरता येतं. त्याचं शेपूट तुटल्यावर मागे घातक तुकडा उरत नाही. युरोपीय संघानं कापड धुलाईतला जुन्या साबणद्रव्याचा वापर २००५ पासून जवळपास बंद केला, आणि २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या धुवायच्या कपड्यांतही त्याचं प्रमाण ०.०१ टक्क्याच्या खाली लागतं. त्यामुळे तिकडे माल पाठवणाऱ्याला आपल्या धुलाईत काय पडतं हे माहीत असावंच लागतं. देशातल्या बाजारासाठी कापड करणाऱ्याला असं कुणी विचारत नाही, आणि तो स्वस्त पडेल तेच घेणार. त्याला दोष देऊन भागणार नाही. खरेदीदार किंवा सरकार, कुणीतरी विचारायला हवं.

आणि मोजणी. रोज पाणी तपासण्याची गरज नाही, ते खर्चिकही आहे. वर्षातून एकदा राजाराम, रुई, इचलकरंजी आणि तेरवाड बंधाऱ्यांमागचा गाळ घ्यावा आणि त्यात नोनिलफेनॉल, डीईएचपी आणि बिस्फेनॉल-ए एवढीच तीन नावं शोधावीत. जोडीला त्याच ठिकाणच्या काही नर माशांच्या रक्तात बलकाचं प्रथिन पाहावं. ही तपासणी मे महिन्यात, बरगे काढायच्या आधी करावी लागेल. बरगे निघाले की साठलेल्या गाळाचा वरचा थर पहिल्या लोंढ्याबरोबर शिरोळकडे आणि तिथून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जातो, आणि मग नमुना कुठल्या गावाचा, हे सांगता येत नाही.